बास जोडला की घूंऽऽ: मंडपातला हम कुठून शिरतो आणि कसा काढायचा

गणपती असो, लग्नाचं रिसेप्शन असो, जत्रा असो की कॉलेजचं गॅदरिंग, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात हौसेनं बास गिटार वाजवणाऱ्यांची एक तक्रार कायम असते. घरी बास गप्प असतो, मंडपात जोडला की घूंऽऽ सुरू. विजेच्या या घुमणाऱ्या आवाजालाच हम म्हणतात. पोरं केबल बदलतात, पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकी कॉइल) बदलतात, कुणी बासच विकून दुसरा घेतो. एखाददुसरा कार्यक्रम बरा जातो आणि पुढच्या गावात हम परत हजर. टिळकवाडीतल्या हॉलमध्ये चाललेला उपाय येळ्ळूरच्या मंडपात चालत नाही आणि येळ्ळूरला चाललेला नंदगडला चालत नाही.

कारण हम हा एकच आजार नाही. बासच्या आवाजात वीज शिरायच्या चार-पाच वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि जागा बदलली की वाट बदलते. म्हणून "हमवर उपाय काय?" असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. आज, या स्टेजवर, हम कुठल्या वाटेनं येतोय हे आधी शोधायचं. साउंड चेकच्या वेळी शांतपणे शोधलं तर दहा मिनिटांत सापडतं. मी दिवसा उद्यमबागेत मशिनरीच्या मेंटेनन्सला असतो आणि संध्याकाळी बास वाजवतो. दोन्हीकडे वायरिंगशीच गाठ असल्यामुळे हे सविस्तर लिहून ठेवतोय.

दोष बासवरच का येतो

गायकांच्या माइकच्या चॅनेलवर साउंडवाला लो-कट दाबून ठेवतो. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं तिथंच गळून जातं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे माइकमधून हम आला तरी त्याचा मुख्य भाग मिक्सरमध्येच छाटला जातो. बासच्या चॅनेलवर लो-कट लावता येत नाही, कारण चार तारांच्या बासची मोकळी ई तारच ४१ हर्ट्झला वाजते. त्यात बहुतेक जण खालचा ईक्यू वाढवतात आणि ते सगळं १८ इंची सबमधून, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमधून, बाहेर पडतं. हम कदाचित अख्ख्या सिस्टीममध्ये असतो, ऐकू मात्र बासच्या चॅनेलमधून येतो. साउंडवाल्यानं बासचा फेडर खाली ओढला की आवाज बंद होतो आणि निकाल लागतो: "तुझ्या गिटारीतच प्रॉब्लेम हाय."

उलटी बाजूही ध्यानात ठेवा. स्टेजवरच्या लहान मॉनिटरमधून ५० हर्ट्झ नीट ऐकूच येत नाही. तुम्हाला वाटतं सगळं शांत आहे आणि खाली पहिल्या रांगेत बसलेल्या आज्यांच्या छातीत घूं घूं चाललेलं असतं. म्हणून साउंड चेकला एकदा तरी बास स्टँडवर ठेवून, व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून, खाली उतरून सबसमोर उभं राहा.

आधी हमचा सूर ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. वास्तविक वादकासाठी हीच सगळ्यात सोपी, कारण मोजायचं यंत्र तुमच्या गळ्यातच अडकवलेलं असतं.

ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) जी ४९ हर्ट्झचा. मोकळी जी तार त्याच्या एक सप्तक वर, ९८ हर्ट्झची. विजेचा मूळ हम ५० हर्ट्झचा आणि त्याची दुप्पट १००. म्हणजे हे दोन्ही हम तुमच्या दोन जींच्या अगदी कानाशी येऊन बसलेले असतात. तिसऱ्या पडद्यावरचा जी हलकेच वाजवून धरा. हम ५० चा असेल तर दोन्ही आवाज मिळून सेकंदाला साधारण एक अशी सावकाश लाट ऐकू येते. मोकळ्या जी तारेशी तशी लाट आली, थोडी जलद, तर हम १०० चा. कानाचा भरवसा नसेल तर मोबाइलमधलं ट्यूनर अ‍ॅप स्पीकरजवळ धरा. जी दिसेल आणि काटा सुमारे ३५ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाइतका, वर असेल.

खालचा, गोल, पोटात घुमणारा ५० चा हम बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यातून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून येतो. १०० चा हम बहुधा पॉवर सप्लायमधून येतो: स्वस्त अ‍ॅडॅप्टर किंवा अ‍ॅम्पमधले थकलेले कॅपॅसिटर. या दोन्हींपेक्षा वेगळा, करकरीत, भुंग्यासारखा झीऽऽ असा आवाज असेल आणि लायटिंगवाल्यानं दिवे मंद केले की वाढत असेल, तर तो डिमरचा. डिमर विजेची लाट मधूनच कापतो, त्यामुळे त्याच्या आवाजात वरचे सूर भरपूर असतात आणि तो सबपेक्षा टॉपमधून (वरच्या सुरांच्या स्पीकरमधून) जास्त टोचतो.

हे नियम शंभर टक्के चालत नाहीत, एका स्टेजवर दोन हम एकत्रही असतात. पण सुरुवात कुठून करायची ते यावरून कळतं.

व्हॉल्यूम शून्यावर

आता बासचा व्हॉल्यूम पूर्ण बंद करा. जॅझ प्रकारच्या बासला दोन व्हॉल्यूम असतात, दोन्ही बंद करा.

हम गेला, तर तो पिकअपमधून येतोय. थेट खाली पिकअपच्या भागाकडे जा. हम तसाच राहिला, तर बास निर्दोष आहे आणि वाट पुढे कुठेतरी आहे. पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेल्या, बासमध्ये व्हॉल्यूम शून्यावर आला की सिग्नलची तार सरळ ग्राउंडला जोडली जाते, त्यामुळे ही चाचणी पक्की आहे. अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये प्रीअ‍ॅम्पचा बारीक सूंऽ राहील. घूंऽ राहायला नको.

एक चुकीची चाचणी फार लोक करतात. केबल बासमधून काढतात, दुसरं टोक अ‍ॅम्पमध्ये तसंच ठेवतात, मोठ्ठा घूं येतो आणि म्हणतात, "बघा, बास काढला तरी येतोय." मोकळ्या टोकाची केबल म्हणजे अँटेनाच, ती घूं करणारच. केबल काढायची तर अ‍ॅम्पच्या बाजूनं काढा. बहुतेक अ‍ॅम्पच्या इनपुट जॅकमध्ये स्विच असतो, केबल काढली की तो इनपुट आपोआप ग्राउंड करतो. मग अ‍ॅम्प एकटा काय बोलतो ते खरं ऐकू येतं.

अ‍ॅम्प एकटा गप्प असेल तर केबल परत लावा आणि आता मागच्या बाजूनं मिक्सरकडे जाणारी डीआयची (डायरेक्ट इनपुट, म्हणजे बासचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी) लाईन काढा. आधी साउंडवाल्याला चॅनेल म्यूट करायला सांगा, नाहीतर धाडकन आवाज होऊन सब दुखावतील. ही लाईन काढल्यावर अ‍ॅम्पमधला हम गेला, पुन्हा लावल्यावर परत आला, तर चोर सापडला: ग्राउंड लूप. मंडपातल्या बहुतेक तक्रारी माझ्या अनुभवात इथंच येऊन थांबतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

ग्राउंड लूप

तुमचा अ‍ॅम्प स्टेजमागच्या बोर्डावर लावलेला असतो. मिक्सर पन्नास-साठ फूट लांब, प्रेक्षकांच्या मागे, वेगळ्या बोर्डावर. दोघांनाही थ्री-पिन, दोघांनाही आपापला अर्थ. या दोन अर्थांची पातळी तंतोतंत सारखी नसते. एकीकडे दोन-चार व्होल्ट जास्त, एकीकडे कमी. तोवर काही बिघडत नाही. पण तुम्ही अ‍ॅम्पपासून मिक्सरपर्यंत केबल टाकली की त्या केबलच्या शिल्डमधून, म्हणजे मधल्या तारेभोवतीच्या जाळीतून, दोन्ही अर्थ जोडले जातात. दोन टाक्यांमध्ये पाण्याची पातळी कमीजास्त असली आणि मध्ये पाइप जोडला की पाणी वाहायला लागतं, तसा त्या शिल्डमधून ५० हर्ट्झचा करंट वाहायला लागतो आणि तो सिग्नलवर स्वार होतो.

हम अ‍ॅम्पमध्ये नाही, बासमध्ये नाही, केबलमध्येही नाही. तो दोन बोर्डांच्या मधल्या फरकात आहे. म्हणूनच घरी येत नाही, कारण घरी एकच बोर्ड असतो.

सगळ्यात चांगला उपाय फुकटातला आहे. अ‍ॅम्पची आणि मिक्सरची वीज एकाच बोर्डावरून घ्या. मिक्सरच्या बोर्डापासून एक चांगली थ्री-कोअर एक्स्टेन्शन स्टेजपर्यंत ओढायची आणि बास, कीबोर्ड, गिटारचे अ‍ॅम्प, लॅपटॉप सगळे त्यावर. बासचा लहान अ‍ॅम्प फार वीज खात नाही, सहा अँपिअरच्या लाईनवर हे सगळं आरामात चालतं. लायटिंग मात्र पूर्ण वेगळी ठेवायची. थ्री-फेज मंडपात साउंड एका फेजवर आणि लायटिंग दुसऱ्या फेजवर असली तर उत्तमच. पण स्टेजवरचे अ‍ॅम्प एका फेजवर आणि मिक्सर दुसऱ्या फेजवर, हे होऊ देऊ नका. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास अंतर असतं, आणि वायरिंगमध्ये काही चुकलं तर प्रकरण हमवर थांबत नाही.

एक्स्टेन्शन ओढणं जमत नसेल तर डीआय बॉक्स किंवा अ‍ॅम्पच्या डीआय आउटवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नल केबलमधली ग्राउंडची तार तोडतं. अ‍ॅम्पचा थ्री-पिनमधला सुरक्षेचा अर्थ जागच्या जागी राहतो. हा फरक नीट समजून घ्या, पुढे कामाला येणार आहे. शक्य असेल तर आतमध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला साधा पॅसिव्ह डीआय स्वतःच्या बॅगेत ठेवा. ट्रान्सफॉर्मरमुळे अ‍ॅम्प आणि मिक्सर यांच्यात तारेचा थेट संबंधच राहत नाही, सिग्नल तेवढा पलीकडे जातो. पिकअप बदलण्याच्या खर्चात असे दोन-तीन डीआय येतील. त्याला बॅटरी लागत नाही, मिक्सरवरून केबलमधून येणारी वीज (फँटम पॉवर) लागत नाही, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. हौशी बासवाल्यानं ट्यूनरनंतर काही घ्यायचं असेल तर हेच, असं माझं ठाम मत आहे.

कीबोर्डवाल्याचा किंवा ट्रॅक वाजवणारा लॅपटॉप हाही एक मोठा गुन्हेगार. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. हम किंवा किरकिर गेली तर त्या लॅपटॉपच्या आउटलाही ट्रान्सफॉर्मरचा डीआय लावायचा. बासवाल्यानं हे तपासायला हरकत नाही, शेवटी बोल बासलाच लागतात.

अर्थची पिन काढायची नाही

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे लिहायला बसलो ती. ग्राउंड लूपचा हम घालवायचा सगळ्यात झटपट उपाय प्रत्येक मंडपात कुणीतरी सुचवतो. "काढून टाक की ती जाड पिन, गप्प बसतंय बघ." थ्री-पिनची वरची जाड, लांब पिन म्हणजे अर्थ. ती काढली किंवा टू-पिनचा कन्व्हर्टर लावला की हम खरंच गप्प बसतो. लूप तुटतो ना. पण त्याबरोबर अ‍ॅम्पच्या लोखंडी बॉडीचं संरक्षणही तुटतं. आत कुठं फेजची तार सुटून बॉडीला लागली तर फ्यूज उडायला वाटच उरत नाही. बॉडी जिवंत होते. अ‍ॅम्पचं ग्राउंड म्हणजे तुमच्या केबलची शिल्ड, म्हणजे बासचा ब्रिज, म्हणजे तुमच्या बोटाखालच्या तारा. एक हात तारांवर आणि ओठ समोरच्या माइकच्या जाळीला, आणि माइकचा अर्थ चांगला असेल तर करंट हातातून छातीमार्गे ओठांकडे जातो.

ही कल्पनेतली भीती नाही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच गेला. अर्थ नसलेल्या माइकला हात लागला तेव्हा गिटार त्याच्या हातात होती. आपल्याकडे गणपती भर पावसात येतात. मॅट ओली, फळी ओली, पोरांचे पाय कधी कधी अनवाणी. इथं पिन काढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि वाजवणाऱ्यांत सतरा-अठरा वर्षांची पोरं असतात.

माझा नियम असा आहे: हमसकट वाजवीन, पिन काढून वाजवणार नाही. ग्राउंड लिफ्ट सिग्नलच्या तारेवर करायचा, विजेच्या तारेवर कधीच नाही.

मग मंडपात अर्थ आहे की नाही हे कसं कळणार? पिन जागेवर असली म्हणजे अर्थ असतोच असं नाही. गोकाकच्या बाजूला एका मंडपात स्टेजच्या फळीवरचा बोर्ड मी उघडून घेतला होता. लाल तार जागेवर, काळी तार जागेवर, आणि हिरवी तार नीट दुमडून, वर काळी टेप गुंडाळून बाजूला ठेवलेली. वायरमन शांतपणे म्हणाला, "अर्थिंग इल्ला, सर." त्या माणसाचं काही चुकीचं वागणं होतं असं मला वाटलं नाही. त्याच्याकडे मागून आलेल्या लाईनमध्येच तिसरी तार नव्हती, आणि मंडळानं ती मागितलीही नव्हती.

साधा मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायची. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट, त्याहून फार जास्त नको. फेज-अर्थमध्ये मधलाच कुठलातरी आकडा हलत असेल तर अर्थ तरंगता आहे, म्हणजे नाहीच. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-पंधरा व्होल्ट दिसले तर न्यूट्रलवर लोड जास्त आहे किंवा अर्थ कच्चा आहे. आणि मंडप पूर्ण लोडवर असताना तिथं अगदी कोरं शून्य दिसलं तर संशय घ्या. कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा जोडलेला असू शकतो. ते पिन काढण्याइतकंच धोक्याचं, कारण मागे कुठं न्यूट्रल सुटला की सगळ्या बॉडी जिवंत होतात.

मीटरवर फसवा आकडाही येतो, कारण तो जवळजवळ करंट घेतच नाही. खात्री हवी असेल तर मंडपाच्या वायरमनला फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगा. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थ काम करतोय, मिणमिणला तर कच्चा. मेनला आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच ट्रिप होईल. तीही चांगलीच बातमी आहे. हे काम वायरमनचं, वादकानं करायचं नाही.

अर्थ कच्चा निघाला तर आपल्या भागात जमिनीचाही हात असतो. खानापूरकडे जांभा, वरचा थर कोरडा पडला की सळई ठोकूनही अर्थ नीट लागत नाही. बैलहोंगल, गोकाककडची काळी माती ओल धरून असेपर्यंत चांगला अर्थ देते. सळई खोल ठोकणं, भोवती मीठपाणी ओतून ओल टिकवणं, तारेचा जोड घासून घट्ट बांधणं, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. जांभ्यात एका सळईनं भागत नसेल तर थोड्या अंतरावर दुसरी ठोकून दोन्ही जोडायच्या.

शेवटची तपासणी गाणं सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक वेळी: मल्टिमीटरचं एक टोक बासच्या ब्रिजला, दुसरं माइकच्या जाळीला. एखादा व्होल्ट ठीक. वीस-तीस व्होल्ट दिसले, किंवा ओठांना मुंग्या आल्या, तर माइकसमोर उभंच राहू नका. माइकवर स्पंज लावणं हा उपाय नाही. खाली उतरा, वायरमनला बोलवा.

बासला वायरलेस लावला तर तुमच्यात आणि अ‍ॅम्पमध्ये तारच राहत नाही, त्यामुळे हा धोका बराच टळतो. बासवाला कोरसही गात असेल तर वायरलेसचा हा फायदा नाचण्याबागडण्यापेक्षा मोठा आहे. अ‍ॅम्प आणि मिक्सरमधला लूप मात्र त्यानं जात नाही.

जनरेटरवर हम सूर बदलतो

जत्रेत लाईन गेली आणि जनरेटर सुरू झाला की हमचा सूर हलायला लागतो. खानापूर तालुक्यातल्या एका जत्रेत हे मी अगदी स्वच्छ ऐकलं. साउंड चेकला जनरेटरवर लोड जवळजवळ नव्हता आणि ट्यूनर अ‍ॅपवर हम जी शार्प दाखवत होता. अंधार पडला, खाण्याच्या गाड्यांचे हॅलोजन एकेक करून लागले तसा तो उतरत उतरत जीजवळ आला. डिझेल जनरेटर बिनलोडाचा ५२ हर्ट्झच्या आसपास फिरतो आणि लोड वाढला की ५० कडे येतो. जी शार्प ५१.९ हर्ट्झचा, म्हणून बरोबर तोच दिसला. हम असा लोडबरोबर सरकत असेल तर तुमच्या बासमध्ये काहीही शोधत बसू नका.

जनरेटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ हवेत आणि न्यूट्रलही अर्थ केलेला हवा. भाड्याच्या लहान जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा तरंगता असतो, तेव्हा वर सांगितलेली मापं काहीच्या काही येतात. जनरेटरची ट्रॉली स्टेजच्या मागेच उभी करायची सवय सगळीकडे आहे. लांब उभी करायला सांगा.

प्रॅक्टिसच्या खोलीत इन्व्हर्टरवर किरकिर येत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असणार. साइन वेव्हवर ती जाते.

हम पिकअपमधूनच येत असेल तर

व्हॉल्यूम शून्यावर हम गेला, म्हणजे पिकअप. आता हात तारांवर ठेवा आणि उचला. ठेवल्यावर आवाज कमी होतो आणि उचलल्यावर वाढतो? मग बासचं अर्थिंग ठीक आहे, आतलं शिल्डिंग अपुरं आहे. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर पडतो? ब्रिजखालची ग्राउंडची तार तुटली आहे. मीटर कंटिन्यूटीवर ठेवून ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू तपासा, एक-दोन ओहमच्या वर यायला नको. तारांना हात लावल्यावर आवाज उलट वाढतो? जॅकवर दोन तारा अदलाबदल झाल्या आहेत. नवा जॅक बसवून आणलेल्या बासमध्ये हे आधी बघा. मात्र कुठल्याही हात लावायच्या चाचणीआधी वरचं अर्थिंग तपासलेलं असू द्या.

मग उभ्या जागी सावकाश गोल फिरा. एका दिशेला हम कमी, एका दिशेला जास्त होत असेल तर तो चुंबकी हम आहे, जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा डिमर रॅकमधून थेट पिकअपच्या कॉइलमध्ये शिरणारा. इथं एक गैरसमज फार पसरलाय. बासच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवली की सगळा हम जातो असं लोक समजतात. तांब्याची पट्टी करकरीत झीऽ अडवते, ट्यूबलाइट आणि डिमरचा. गोल, खालचा घूंऽ तिच्यातून आरपार जातो. त्यासाठी हमबकर (दोन कॉइलचा, हम खोडणारा पिकअप) हवा, किंवा अंतर.

पी-बासचा (प्रिसिजन बासचा) १९५७ पासूनचा दुभंगलेला पिकअप मुळातच हम खोडणारा आहे, त्याचे दोन अर्धे एकमेकांचा हम मारतात. जॅझ बासचे दोन पिकअप एकेकटे घूं करतात, पण दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की हम जातो. एक जरा कमी केला की परत येतो. पीजे प्रकारात, म्हणजे पुढे पी आणि मागे जे (जॅझचा) पिकअप असलेल्या, नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच बासमध्ये, पी एकटा शांत असतो आणि जे मिसळला की हम चढतो. अशा बासवर मंडपात जे बंद ठेवून वाजवायला काही हरकत नाही. सब वाजत असताना मागच्या पिकअपचा तो बारीकसा फरक प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही.

राहिलेलं थोडक्यात

केबल. साउंडवाल्याच्या पेटीत स्पीकरची केबल आणि गिटारची केबल, दोन्हींना तोच पाव इंची जॅक असतो, बाहेरून ओळखू येत नाहीत. स्पीकरच्या केबलला शिल्ड नसते. कुणी ती बासला दिली तर हम येणारच. जॅकचं झाकण फिरवून बघा; मधली तार आणि तिच्याभोवती विणलेली जाळी दिसली पाहिजे. दोन सुट्या जाड तारा दिसल्या तर परत करा. स्वतःची केबल आणा, हेच बरं. ती विजेच्या वायरला समांतर टाकू नका, ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडा, आणि उरलेली केबल अ‍ॅम्पवर गुंडाळून ठेवू नका.

पेडल. एकाच स्वस्त अ‍ॅडॅप्टरवरून माळ करून चार पेडल चालवत असाल आणि हम १०० चा असेल तर सगळी पेडल काढून सरळ जोडून बघा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर हम गेला तर अ‍ॅडॅप्टर बदला.

जॅक. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा अशी असते की बासच्या जॅकमध्ये, पॉटमध्ये गंज आणि मळ बसतो. त्याचा आवाज कर्र्‌ कट्ट असा, केबल हलवली की येणारा. हम नव्हे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. जॅकचं नट सैल असेल तर केबल फिरवताना अख्खा जॅक आत फिरतो आणि मागची तार पिळून तुटते, मग मात्र घूं सुरू होतो. नट आवळताना आतून जॅक बोटानं धरा, तार तुटली असेल तर ती सोलून परत डाग द्या.

ईक्यूमध्ये ५० हर्ट्झ कापून हम घालवायचा मोह होईल. कापलात तर तिसऱ्या पडद्यावरचा जी त्याच्याबरोबर जाईल, आणि जी, सी, डीमधल्या गाण्यांत तो सूर किती वेळा लागतो ते तुम्हाला माहीतच आहे. अगदीच नाइलाज असेल तर नॉइज गेट लावा. गाण्यांच्या मधल्या शांततेत तरी हम ऐकू येणार नाही. वाजवताना तो आत असतोच.

आणि हे सगळं करून, अ‍ॅम्पमध्ये काहीही जोडलेलं नसताना, अर्थ चांगला असलेल्या घरच्या सॉकेटवरही १०० चा हम येत असेल, तर अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर थकले आहेत. जुन्या, सेकंडहँड घेतलेल्या अ‍ॅम्पमध्ये हे ठरलेलं. अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये तर काही शे व्होल्टचा. अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि त्याला "हम येतो" एवढंच सांगू नका. काहीही न जोडता येतो, १०० चा आहे, आवाजाचा नॉब फिरवून कमी होत नाही, असं सांगा. त्याचा अर्धा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.